वॉरंटीतला खराब कॉम्प्युटर पार्ट बदलून घेताना: कुठल्या क्रमानं काय करायचं

चिपळूणला मी कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. इथून बहुतेक खराब पार्ट पुण्याला किंवा मुंबईला पाठवावे लागतात. तिकडून ‘रिजेक्टेड’ असा शेरा मारून आलेला पार्ट पिशवीत घेऊन लोक दुकानात येतात तेव्हा फार वाईट वाटतं. पार्ट खरंच गेलेला असतो, मुदतही शिल्लक असते, पण घरी केलेल्या एखाद्या घाईमुळे हक्काचे पंधरा-वीस हजार बुडालेले असतात. दाव्याचं काय होणार हे बहुतेक वेळा घरी कॅबिनेटचं झाकण उघडतानाच ठरून जातं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं करा. लोक हमखास गाळतात ते दोन टप्पे म्हणजे दुसरा आणि चौथा. त्यांच्यावर मी जास्त लिहिलं आहे.

१. बिल आणि सिरियल नंबर

स्क्रू-ड्रायव्हर नंतर, आधी बिल शोधा. बिल म्हणजे जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल. ‘एस्टिमेट’ लिहिलेली चिठ्ठी, कोटेशन किंवा यूपीआयचा स्क्रीनशॉट काउंटरवर चालत नाही. बिलावर तारीख, तुमचं नाव, पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर या चार गोष्टी असायला हव्यात. सिरियल नंबर नसेल तर दुकानातून तो लिहून त्यावर शिक्का मारून आणा. खरेदीच्या दिवशी हे दोन मिनिटांचं काम असतं. दोन वर्षांनी त्याच दुकानदाराला तुमचा व्यवहार आठवत नाही.

बिल थर्मल कागदावर असेल तर आजच त्याचा फोटो काढा. आमच्याकडच्या दमट हवेत अशा बिलावरची अक्षरं वर्षभरात पुसट होतात.

बिल हरवलं असेल तरी लगेच हात टेकू नका. बऱ्याच कंपन्या बिल नसताना पार्ट कारखान्यात बनल्याच्या तारखेपासून मुदत मोजतात. काही महिने कमी मिळतात, पण दावा उभा राहतो.

आता कंपनीच्या वेबसाइटवर ‘वॉरंटी चेक’मध्ये सिरियल नंबर टाका. मुदत शिल्लक दिसली तर त्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. ‘हा पार्ट संगणक बनवणाऱ्या कंपनीला विकलेला आहे’ अशा अर्थाचं उत्तर आलं तर पार्टच्या कंपनीकडे दाद मिळणार नाही. ब्रँडेड पीसीमधून काढलेल्या हार्ड डिस्कला हे उत्तर हमखास येतं, तिथे पीसीच्या कंपनीकडेच जावं लागतं. ट्रे प्रोसेसर, म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकलेला, घेतला असेल तर तुमचा आधार विक्रेताच. आणि वॉरंटी दुसऱ्या देशाची दिसली तर तो माल भारतातल्या अधिकृत आयातदाराकडून आलेला नाही.

मूळ खोक्यावर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि कस्टमर केअरचा नंबर असलेलं लेबल असतं. माल भारतातल्या वाटेनं आला हे सांगणारा तो सोपा पुरावा आहे. खोकं ठेवायला जागा नसेल तर निदान त्या लेबलचा फोटो ठेवा.

मुदतीचा अंदाज असावा म्हणून काही आकडे. इंटेल आणि एएमडीच्या बॉक्स प्रोसेसरला साधारण ३ वर्षं. इंटेलनं २०२४ मध्ये १३व्या आणि १४व्या पिढीच्या ठरावीक डेस्कटॉप प्रोसेसरची मुदत २ वर्षांनी वाढवली, त्यामुळे ‘तीन वर्षं झाली, संपलं’ म्हणून गप्प बसलेल्यांनी पुन्हा तपासून पाहा. सीगेटच्या बाराकुडाला २ वर्षं, आयर्नवुल्फला ३, आयर्नवुल्फ प्रोला ५. एसएसडीला दोन मर्यादा असतात, वर्षं आणि एकूण लिहिलेला डेटा. सॅमसंग ८७० ईव्हीओच्या १ टीबी मॉडेलला ५ वर्षं किंवा ६०० टीबी, यातलं जे आधी पूर्ण होईल ते. चांगल्या एसएमपीएसला, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याला, ५ ते १० वर्षं मिळतात, आणि रॅमला पुष्कळ कंपन्या ‘लाइफटाइम’ देतात.

> तपासा: खरेदीला पहिले ७-१० दिवसच झाले असतील तर कंपनीकडे जाऊ नका. ऑनलाइन असो वा दुकान, विक्रेत्याच्या रिप्लेसमेंटच्या मुदतीत सरळ नवा, सीलबंद पार्ट मिळतो. कंपनीकडून बहुतेक वेळा दुरुस्त केलेला येतो.

२. नक्की कुठला पार्ट गेला आहे?

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो. पार्ट पाठवला, तीन आठवड्यांनी ‘नो फॉल्ट फाउंड’ म्हणून परत आला, आणि दोष भलत्याच पार्टमध्ये निघाला, असं मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. शंका आलेला पार्ट दुसऱ्या चालू मशिनमध्ये लावा. दोष त्याच्याबरोबर तिकडे गेला तर पार्ट खराब. आणि चालू मशिनचा चांगला पार्ट तुमच्याकडे लावून दोष गेला तर खात्री पटली. दोन्ही बाजूंनी तपासल्याशिवाय पार्ट पाठवू नका.

त्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन सगळं डिफॉल्टवर आणा. एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमचा वेग वाढवणाऱ्या सेटिंग) बंद करा, ओव्हरक्लॉक (मुद्दाम वाढवलेला वेग) काढा. वाढवलेल्या वेगावरच गडबड होत असेल तर दोष बोर्डचा, प्रोसेसरचा किंवा नुसत्या सेटिंगचाही असू शकतो.

रॅम. डिस्प्ले येत नाही म्हणून आलेल्या मशिनांपैकी कितीतरी नुसती रॅम काढून, तिचे सोनेरी संपर्क स्वच्छ खोडरबरानं हलके पुसून, कीस ब्रशनं झाडून परत बसवली की चालू होतात. कोकणातल्या पावसाळ्यात तर हे नेहमीचंच. त्यानंतरही त्रास राहिला तर एका वेळी एकच स्टिक लावा. चार स्लॉटच्या बोर्डवर बहुतेक ठिकाणी प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरायचा असतो. मग मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या मिळतात, त्या चारही होऊ द्या, रात्रभर लागली तरी. एकही एरर म्हणजे रॅम संशयित. तीच स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये निर्धोक चालली तर संशय बोर्डवर जातो. विंडोजमधली मेमरी तपासणी फार वरवरची आहे, तिच्यावर विसंबू नका.

हार्ड डिस्क आणि एसएसडी. क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम उघडा. हार्ड डिस्कमध्ये ०५, सी५ आणि सी६ या ओळींच्या ‘रॉ’ आकड्यांकडे पाहा. सी५ म्हणजे वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. तो आकडा आठवड्याभरात वाढत असेल तर डिस्क चालली आहे. दोन वेगवेगळ्या दिवसांचे स्क्रीनशॉट ठेवा, वाढ दाखवता येते. डिस्क मधूनच गायब होत असेल तर आधी साटा केबल बदलून पाहा. साठ-सत्तर रुपयांच्या केबलसाठी लोकांनी चांगल्या डिस्क पाठवलेल्या आहेत.

एसएमपीएस. हिरवी आणि काळी वायर जोडून पंखा फिरतो का पाहायची जुनी पद्धत आहे. पंखा फिरला म्हणून एसएमपीएस चांगला असं धरू नका, लोड आल्यावरच तो मान टाकतो. गेम सुरू केल्यावर मशिन एकदम बंद पडत असेल तर पुरेशा वॉटचा दुसरा एसएमपीएस लावून पाहा, त्याला पर्याय नाही. विंडोजच्या नोंदवहीत, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक एसएमपीएसला दोषी ठरवतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच की मशिन नीट शटडाउन न होता बंद झालं. त्याऐवजी डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी शोधा. त्या हार्डवेअरनं स्वतः कळवलेल्या चुका असतात आणि दाव्यात उपयोगी पडतात.

ग्राफिक्स कार्ड. ड्रायव्हर पूर्ण काढून नव्यानं टाका, पॉवरची केबल आणि मॉनिटरची केबल दोन्ही बदला. पट्टे, ठिपके, चौकडी दिसत असेल तर बायोसच्या स्क्रीनवरही दिसते का ते पाहा. ड्रायव्हर लोड व्हायच्या आधीच दिसली तर कार्डचं काम संपलं.

मदरबोर्ड आणि प्रोसेसर. हे सगळ्यात अवघड. प्रोसेसर तसा क्वचित जातो, बोर्ड त्यापेक्षा बराच जास्त. घरी सुटा प्रोसेसर नसेल तर खात्री असल्याचं नाटक करू नका. जवळच्या दुकानात दोन-तीनशे रुपये देऊन तपासून घ्या. एक-एक पार्ट पाठवून महिना-महिना थांबण्यापेक्षा ते परवडतं.

> थांबा: पाण्यात गेलेल्या, विजेच्या लोळानं जळलेल्या किंवा पडून फुटलेल्या पार्टला वॉरंटी लागू होत नाही. जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे लोक चिखलानं भरलेली मशिनं घेऊन वॉरंटीची चौकशी करत होते, आणि मला प्रत्येकाला नाही म्हणावं लागलं. तो विम्याचा विषय आहे. घरच्या किंवा दुकानाच्या विम्यात पूर धरलेला आहे का ते पाहा.

३. डेटा आणि चाव्या

डिस्क किंवा एसएसडी पाठवली की ती परत येत नाही. त्या जागी दुसरी येते. डेटा परत देण्याची जबाबदारी कुठलीही कंपनी वॉरंटीत घेत नाही. डिस्क वाचता येते आहे तोवर सगळं बाहेर काढा, सर्वांत महत्त्वाचं आधी. काढताना डिस्क मान टाकू शकते, म्हणून सिनेमे नंतर, लग्नाचे फोटो आणि हिशेबाच्या फाइली आधी. मग डिस्क पूर्ण पुसा. डिस्क दिसतच नसेल तर पुसता येणार नाही. तेव्हा त्यावर काय होतं याचा विचार करून पाठवायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. एका सीएच्या ऑफिसची बंद पडलेली डिस्क आम्ही पाठवली नाही, वॉरंटी सोडून दिली. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मदरबोर्ड किंवा प्रोसेसर जाणार असेल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) रिकव्हरी की आत्ताच शोधा. बऱ्याच विंडोज मशिनांत बिटलॉकर नकळत चालू असतो. नव्या बोर्डवर टीपीएम, म्हणजे त्या कुलपाची किल्ली सांभाळणारा भाग, वेगळा, त्यामुळे मशिन ४८ आकडी की मागतं, आणि ती नसेल तर चांगल्या चालत्या एसएसडीतला डेटाही हाती लागत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात ही की बहुधा जतन झालेली असते. दुसऱ्या मोबाइलवरून लॉग-इन करून ती कागदावर उतरवून घ्या.

४. आधी फोटो, मग पार्ट बाहेर

पार्ट जागेवर असतानाच त्याचे फोटो काढा, बाहेर काढताना काढा, काढल्यावर दोन्ही बाजूंनी काढा. सिरियल नंबरचं स्टिकर वाचता येईल असा एक फोटो स्वतंत्र. टेबलावर आजचं वर्तमानपत्र ठेवून त्यावर पार्ट ठेवला तर तारखेचा प्रश्न मिटतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोटोची प्रत बिघडवू नका, मूळ फाइल ठेवा.

हे मी शिकलो त्याची किंमत एका गिऱ्हाइकाच्या बोर्डनं दिली. बोर्ड काढला, खोक्यात भरला, पाठवला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, ‘सॉकेट पिन बेंड, वॉरंटी व्हॉइड’. मी काढताना पिना सरळ होत्या याची मला खात्री होती, पण हातात काय होतं? काहीच नाही. बोर्डचे पैसे मी भरून दिले. पुढच्या वर्षी दुसऱ्या बोर्डला त्याच सेंटरमधून तेच उत्तर आलं. या वेळी माझ्याकडे सॉकेटचे (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) चार बाजूंनी टॉर्च तिरपा धरून काढलेले फोटो होते आणि जॉबशीटवर, म्हणजे पार्ट घेताना सेंटर भरतं त्या कागदावर, ‘पिना ठीक’ असं लिहून घेतलेलं होतं. दोन्ही मेलनं पाठवले. आठव्या दिवशी बदली बोर्ड निघाला.

पार्ट काढताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

वीज बंद, एसएमपीएसचं बटन बंद, पॉवर बटन दहा सेकंद दाबून ठेवा. हात कॅबिनेटच्या उघड्या धातूला लावा. गालिचावर किंवा सिंथेटिक चादरीवर काम करू नका.

एएमडीच्या एएम४ प्रोसेसरवरचा कूलर सरळ वर ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि खालच्या पिना वाकतात. मशिन चालू होत असेल तर दहा मिनिटं चालवून कूलरखालची पेस्ट गरम होऊ द्या, मग वीज काढून कूलर हळू डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. मशिन चालूच होत नसेल तर कूलरच्या बुडाला हेअर ड्रायरची ऊब द्या.

एम.२ एसएसडीवरच्या हीटसिंकचा चिकट पॅड लेबलला घट्ट धरतो. जोरात उचलला की सिरियल नंबरचं स्टिकर पॅडबरोबर सोलून येतं, आणि स्टिकर फाटलं म्हणजे दावा संपला. एका टोकापासून, अगदी हळू, प्लास्टिकच्या पट्टीनं सोडवा. कुठलंही लेबल ‘खाली काय आहे’ म्हणून उचलू नका.

पिना सॉकेटमध्ये असलेला बोर्ड पाठवताना त्यावर काळं प्लास्टिकचं झाकण बसवलेलंच हवं. नवा बोर्ड घेतल्यावर लोक ते झाकण कचऱ्यात टाकतात. सांभाळून ठेवा. हरवलं असेल तर ओळखीच्या दुकानदाराकडे मागा, तो देतो.

रॅम किट म्हणून, दोन स्टिकच्या जोडीत घेतली असेल तर एकच खराब असली तरी बहुतेक कंपन्या दोन्ही मागतात. तितके दिवस मशिन बंद राहील हे धरून चाला.

> तपासा: गंज. कोकण आणि मुंबईकडच्या पार्टना ‘करोजन’ हे कारण देऊन नाकारलं जातं. ग्राफिक्स कार्डचा मागचा ब्रॅकेट, बोर्डच्या स्क्रूची भोकं, पोर्टच्या कडा पाहा. धूळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा. गंजावर मात्र सँडपेपर, लिंबू, डब्ल्यूडी-४० काहीही लावू नका. घासल्याचा ओरखडा गंजापेक्षा वाईट दिसतो. गंज नसेल तर तेही फोटोत स्पष्ट येऊ द्या.

५. तक्रार नोंदवणे

फोनवर बोला, पण नोंद मेलनं किंवा वेबसाइटवरच करा. बोलणं विरून जातं. तक्रार लांब लिहू नका. मी असं लिहितो, याच क्रमानं: पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर. बिलाची तारीख. लक्षण एका वाक्यात, उदाहरणार्थ ‘मशिन चालू केल्यावर डिस्प्ले येत नाही, बोर्डवरचा डीरॅमचा दिवा पेटलेला राहतो’. काय काय करून पाहिलं, ‘दुसऱ्या दोन रॅम आणि दुसरा एसएमपीएस लावून पाहिला, बायोस रीसेट केला, फरक नाही’. शेवटी मागणी, ‘वॉरंटीत बदलून मिळावं’. सोबत बिल, सिरियल नंबरचा फोटो, एररचा स्क्रीनशॉट.

इतकं दिलं की ‘ड्रायव्हर अपडेट करून पाहा’ यात जाणारे चार-पाच दिवस वाचतात. त्यांनी तरीही एखादी तपासणी सांगितली तर करा आणि केल्याचं कळवा. चिडून उलट लिहिलं की फाइल तिथेच अडकते.

खोटं लक्षण लिहू नका. रॅम मधूनमधून बंद पडत असेल तर ‘पूर्ण बंद’ लिहू नका. सेंटरवर ती चालू झाली की ‘नो फॉल्ट’ लिहून परत येते. उलट ‘तीन तास चालल्यावर अडकते’ असं लिहिलं तर तपासणारा तितका वेळ चालवून पाहण्याची शक्यता राहते.

कंपनीकडून आरएमए नंबर (पार्ट परत पाठवायच्या परवानगीचा नंबर) किंवा तक्रार क्रमांक मिळेपर्यंत पार्ट पाठवू नका. नंबर नसलेलं पार्सल गोदामात पडून राहतं.

डीलरकडे द्यायचं की थेट कंपनीकडे? थेट शक्य असेल तिथे थेट. मध्ये एक हात कमी, फोनवर विचारता येतं. काही कंपन्यांची भारतातली वॉरंटी डिस्ट्रिब्यूटरच बघतो, तिथे खोक्यावरच्या लेबलवरचा नंबर उपयोगी येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारातून घेतलेला पार्ट त्याच दुकानात द्यायचा असेल तरी पावती घ्या, सिरियल नंबर आणि तारखेसकट. ‘ठेवून जा, बघतो’ यावर पार्ट सोडून येऊ नका.

६. पॅकिंग आणि पाठवणी

आधी अँटिस्टॅटिक पिशवी, रुपेरी रंगाची. मूळ नसेल तर मोबाइल-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात सुटी मिळते. साधी प्लास्टिक पिशवी किंवा थर्माकोलचे मणी थेट पार्टला लागू देऊ नका. पिशवीवर बबल रॅपचे तीन-चार वेढे, मग खोकं, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात. हार्ड डिस्कला सगळ्या बाजूंनी निदान ५ सेंटिमीटर मऊ फोम हवा. खोकं हलवल्यावर आत काही सरकलं तर पुन्हा भरा.

आत एक कागद टाका: तुमचं नाव, पत्ता, मोबाइल, आरएमए नंबर, सिरियल नंबर, लक्षण. बिलाची झेरॉक्स टाका, मूळ बिल कधीही नाही. स्क्रू, केबल, ब्रॅकेट, कूलर मागितलेलं नसेल तर घरीच ठेवा. बाहेर आरएमए नंबर ठळक लिहा, ‘ग्राफिक्स कार्ड’ असं लिहू नका.

कुरिअरवाले इलेक्ट्रॉनिक मालासाठी घोषणापत्र मागतात. साध्या कागदावर ‘वॉरंटीत बदलण्यासाठी पाठवत आहे, विक्रीसाठी नाही’ असं लिहून सही करा, किंमत लिहा. महाग पार्ट असेल तर विमा काढा. पॅकिंगच्या प्रत्येक थराचा फोटो आणि वजनाची पावती जपून ठेवा.

स्वतः सेंटरला जात असाल तर काउंटरवर जॉबशीट तयार होताना तिथून हलू नका. ‘फिजिकल कंडिशन’च्या रकान्यात काय लिहिलं जातं ते वाचा. रिकामा सोडला असेल तर ‘ओरखडा नाही, जळल्याचा डाग नाही, पिना ठीक’ असं लिहायला सांगा. मग सही करा. प्रत घेतल्याशिवाय निघू नका.

७. पाठपुरावा, आणि ‘नाही’ म्हटलं तर

माझ्या अनुभवात बदली पार्ट यायला पंधरा दिवस ते महिना लागतो. आठवड्यातून एक मेल पुरे, आधीच्याच साखळीत, प्रत्येक वेळी आरएमए नंबर लिहून.

नकार आला तर तीन गोष्टी लेखी मागा: नाकारण्याचं नेमकं कारण, त्याचा फोटो, आणि वॉरंटीच्या कुठल्या अटीखाली नाकारलं. फोटोची आणि टप्पा ४ मधल्या तुमच्या फोटोंची तुलना करा. तुमचे फोटो वेगळं दाखवत असतील तर तेवढंच शांतपणे लिहून वरच्या पातळीवर पाठवा. बऱ्याच फाइली इथेच सुटतात.

‘हे मॉडेल आता येत नाही’ असं सांगितलं तर त्याच तोडीचं किंवा वरचं मॉडेल मागा. घसारा कापून पैसे परत देऊ म्हटलं तर आकडा कसा काढला ते विचारा.

तरीही दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. तिथून तक्रार कंपनीकडे जाते आणि पुष्कळदा तेवढ्यानं हालचाल होते. ऑनलाइन विक्रेत्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यानं तक्रार मिळाल्याचं ४८ तासांत कळवायचं आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. मेल त्या अधिकाऱ्यालाच करा, साध्या कस्टमर केअरला नाही.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीच्या गावी जावं लागत नाही. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर दाखल करण्याची फी नाही. विक्रेता आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करता येतं. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जायचं असतं. आयोगासमोर उपयोगी पडतात ते बिल, जॉबशीट आणि मेल. टप्पे नीट पाळले असतील तर फाइल तयारच असेल.

८. बदली पार्ट आल्यावर

पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, बाहेरचं लेबल आणि सील दिसेल असा. सिरियल नंबर नवा असेल. तो कंपनीच्या कागदाशी जुळतो का पाहा आणि वेबसाइटवर टाकून वॉरंटीची तारीख तपासा. बहुतेक ठिकाणी मूळ मुदतीतले उरलेले दिवसच मिळतात. साइटवर चुकीची तारीख दिसली तर त्याच दिवशी मेल करा. पुढच्या वेळी हा नंबर तुमच्या बिलावर नसणार, म्हणून बदलीचं पत्र बिलाला टाचून ठेवा.

बदली बोर्डचा बायोस जुना असू शकतो आणि तुमचा नवा प्रोसेसर त्याला ओळखू येणार नाही. डिस्प्ले आला नाही म्हणून हाही खराब, असं ठरवू नका. बोर्डवर बायोस फ्लॅशचं बटन असेल तर पेन ड्राइव्हवरून आधी अपडेट करा.

> थांबा: मॉड्युलर एसएमपीएस बदलून आला आणि मॉडेल वेगळं असेल तर जुन्या केबल वापरू नका. खाच सारखी दिसते, केबल आत बसतेही, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची रचना प्रत्येकाची वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन क्षणात डिस्क जळतात, आणि त्यांच्या वॉरंटीत हे बसत नाही. नव्याबरोबर त्याच्याच केबल आल्या नसतील तर लावू नका, मागवून घ्या.

बसवल्यावर टप्पा २ मधली तपासणी पुन्हा करा, पहिल्याच दोन दिवसांत. रॅमला चार फेऱ्या, डिस्कचे आकडे, ग्राफिक्स कार्डला तासभर लोड. दुरुस्त केलेला पार्टही खराब निघू शकतो. दोन दिवसांत कळवलं तर त्याच आरएमए नंबरवर काम होतं. दोन महिन्यांनी कळवलं तर नव्या तक्रारीपासून सुरुवात करावी लागते.